गाण्यातली भावाची जागा

१४ जानेवारी १९९७, मंगळवार

आज संक्रांत. सारी सुरत पतंग घेऊन गच्चीवर चढली आहे आणि माझ्या दुकानातून सकाळपासून कॅसेटी जात आहेत. तरी फळा लिहिलाच. आधी फळा, मग अगरबत्ती, मग शटर पूर्ण वर, हा माझा नेम. वर तारीख आणि खाली 'आजच्या दिवशी': कोणता गायक जन्मला, कोणत्या पिक्चरची रेकॉर्ड निघाली, कोणता संगीतकार गेला. रेडिओ ऐकून आणि रद्दीतली मासिकं फाडून मी वर्षाचे बहुतेक दिवस भरून काढलेत. उधन्यातले मागावरचे कारागीर पाळीला जाताना वाचून जातात. हिलालच्या फळ्यावर आहे म्हणजे खरं, असं म्हणतात.

पण आज लिहिता लिहिता डोकं तडकलं. इतक्या तारखा, आणि त्यात आमच्या अहिराणीची एक नाही. आमची खानदेशी माणसं या गावात माग चालवतात, त्यांच्या बायका आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, झोक्यावर बसून अशी गाणी म्हणतात की मागाची खटखट मागं पडावी. त्यांची कॅसेट कुठं आहे? फळ्यावर आमच्या नावानं भोपळा.

कॅलेंडर काढून पाहिलं. यंदा आखाजी नऊ मेला. माझ्याकडे नऊ मेची ओळ कोरीच आहे, कुठल्या मासिकात काही सापडलंच नाही. म्हटलं, मग ती आपणच भरू. आखाजीच्या गाण्यांची कॅसेट काढायची. गीत, संगीत, निर्माता, सगळं हिलाल.

सरलाला सांगितलं. बायको म्हणून तिला पहिला मान. ती म्हणाली, "आखाजीची? बरं," आणि तीळ भाजायला आत गेली. एवढी मोठी गोष्ट, आणि बरं.

२ फेब्रुवारी, रविवार

दुकानातला अर्धा माल शालिग्रामला देऊन टाकला. शालिग्राम म्हणजे कडोदऱ्याचा कॅसेटवाला, माझा जुना दोस्त. त्याच्या बदल्यात स्टुडिओचं आणि कॉप्यांचं जमलं. आता ही कॅसेट चालली नाही तर शटर खाली आणि हिलालभाऊ पुन्हा मागावर. सरलाला हे सांगितलेलं नाही, पण फळ्या रिकाम्या झालेल्या तिला दिसतातच.

गायला गल्लीतल्या बायका आहेत. पुढचा आवाज सरलाचा. नवरा म्हणून नाही सांगत, तिचा आवाज खरंच असा आहे की चार घरं पलीकडे चुलीवरचं दूध विसरतात. तिच्यामागे मंगलाबाई, प्रमिलाबाई आणि बाकीच्या.

पहिलं गाणं ठरलं:

आखाजीना झोका निंबले टांगा,
मना भाऊ अमुक उना का सांगा.

'अमुक'च्या जागी भावाचं नाव घालायचं. झोक्यावर जी बसेल तिनं आपल्या भावाचं नाव घ्यायचं, ही रीतच आहे. सासरी असलेल्या बाईला आखाजीला माहेरी न्यायला भाऊ येतो, तो आला का, असं ती विचारते.

चाल माझी स्वतःची, चार वर्षांपूर्वीची. तिची कहाणी लिहिली नाही तर छातीत कढ राहील. भिकन म्हणजे सरलाचा धाकटा भाऊ. दोंडाईच्याला त्याचं लग्न होतं, मी थोरला जावई. बॅण्डवाल्याला बाजूला घेऊन ही चाल शिकवली, क्लॅरिनेटवाल्यानं झकास उचलली. नवरदेव मांडवाच्या दारात आला, बॅण्डनं चाल धरली, आणि पहिलं कडवं होतं न होतं तोच या भिकन्यानं घोड्यावरून हात वर केला आणि बॅण्ड बंद. म्हणे मुहूर्त टळतो. अरे, मुहूर्त दुसरा निघतो, जावयाचा गेलेला मान परत येतो का? तिथल्या तिथं सरलाला उठवलं आणि पंगतीला न बसता उपाशीपोटी स्टेशन गाठलं. त्या दिवसापासून या घरात कुणी भिकनचं नाव तोंडातून काढायचं नाही, अशी मी शपथ घातली आहे. सरलानं ती पाळली आहे, याबद्दल तिला मानलं पाहिजे.

भिकन समजूत घालायला आला नाही असं नाही. दोनदा आला होता. मी आतून कडी काढली नाही. मनापासून वाईट वाटलं असतं तर तिसऱ्यांदा आला असता.

२३ फेब्रुवारी, रविवार

तालीम म्हणजे मासळीबाजार. गाण्यात भावाचं नाव कुणाचं, यावरून जुंपली. झोक्यावर प्रत्येकीची पाळी येते, कॅसेटवर नाव एकच राहणार. मंगलाबाई म्हणते माझ्या भावाचं घ्या, मी वयानं मोठी. प्रमिलाबाई म्हणते माझा भाऊ सरपंच आहे. मी तोडगा काढला की माझंच नाव घाला, 'मना भाऊ हिलाल', निर्माता या नात्यानं. बायका इतक्या हसल्या की ढोलकीवाला वाजवायचा थांबला. मंगलाबाईनं विचारलं, मग सरलानं नवऱ्याला भाऊ म्हणायचं का? तेवढं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग म्हटलं, देवाचं नाव घ्या, किसन म्हणा. तर प्रमिलाबाई म्हणे, किसनदेव काय भुसावळ पॅसेंजरनं न्यायला येणार आहे? या बायकांच्या तोंडाला लागणं कठीण.

सरला या भांडणात नव्हती. ती भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, तुझं काय म्हणणं? ती म्हणाली, माझं काही नाही.

२ मार्च, रविवार

रेकॉर्डिंग झालं. झालं म्हणजे काय झालं ते देवाला ठाऊक.

ललितभाईचा स्टुडिओ भागळच्या बोळात, वर पंखा पण बंद, कारण त्याचा आवाज येतो. बायका नव्या साड्या नेसून घामानं निथळत उभ्या. नावाचा निकाल लागलाच नव्हता. शेवटी मीच हुकूम सोडला की सरला पुढे आहे, ती ऐनवेळी जे नाव घेईल ते सगळ्यांनी घ्यायचं. कुणी तोंड वाकडं करायचं नाही.

ललितभाईनं बोट वर केलं. सरलानं उचललं, आणि काय उचललं. ललितभाई गुजराती माणूस, त्याला शब्द कळेना, पण त्यानं कानावरचा हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. "मना भाऊ" म्हणाली आणि थांबली. ढोलकी चालू. तिच्या तोंडाकडे पाहत बाकीच्याही गप्प. नाव मावेल एवढी जागा गेली आणि मग तिनं "उना का सांगा" बरोबर तालात धरलं.

पुन्हा घेतलं. पुन्हा तिथंच थांबली. ललितभाई म्हणाला, "हिलालभाई, आ सूं छे? गाणं बीचमां बंद पडे छे." मी तिला दाराबाहेर घेऊन गेलो. म्हटलं, घसा बसला का? पाणी दिलं. म्हटलं, जगातलं कोणतंही नाव घे, राम घे, गोविंद घे, तुला काय अडतं? ती जमिनीकडे बघत म्हणाली, "माझ्या तोंडात दुसरं नाव येतच नाही."

दुसरं म्हणजे कोणतं ते काही बोलली नाही. हट्ट, दुसरं काय. बाईमाणूस माइकसमोर घाबरतं, मग असं काहीतरी बोलतं. स्टुडिओची वेळ संपत आली होती, पुढच्या ऑर्केस्ट्रावाले जिन्यात उभे होते. कडव्याकडव्याला ती जागा तशीच मोकळी सोडून गाणं पुरं केलं.

५ मार्च, बुधवार

टेप परत परत ऐकली. आता मला वाटतं ती मोकळी जागा बरी आहे. ढोलकी एकटी छान वाजते तिथं. आणि मंगलाबाई-प्रमिलाबाईचं भांडणही मिटलं, ना तुझा ना माझा. अशी कल्पना सुचायला डोकं लागतं. ललितभाईला मी सांगून टाकलं की मुद्दाम ठेवली आहे.

८ एप्रिल, मंगळवार

गुढीपाडवा. कॅसेटी आल्या. 'निंबवरना झोका'. कव्हरवर पेटी घेतलेला माझा फोटो, मागे लहान अक्षरात बायकांची नावं. गुढीपुढे एक कॅसेट ठेवली. शालिग्रामनं कडोदऱ्यासाठी मोठा गठ्ठा उचलला, सचिन गावच्या कारखान्यांकडे एकानं नेला, एक चलथाणला साखर कारखान्याच्या वसाहतीत गेला. एक पिशवीभर माल भुसावळ पॅसेंजरमधल्या फेरीवाल्यानं घेतला.

त्या फेरीवाल्याला पिशवी द्यायला सरला स्वतः उधना स्टेशनवर गेली होती. मी म्हटलं मी जातो, तर म्हणे तुम्ही दुकान सांभाळा. मदतीला तयार आहे, हे चांगलं लक्षण.

१३ एप्रिल, रविवार

जेवताना बिबड्या होत्या. ज्वारीच्या, तीळ-लसूण घातलेल्या, भाजल्या की नुसत्या फुलतात. सरला म्हणाली मंगलाबाईच्या माहेरून आल्या, तिनं अर्ध्या आपल्याला दिल्या. दर उन्हाळ्यात देते बिचारी. लाल दोऱ्यानं तोंड शिवलेली पांढरी पिशवी असते. खाता खाता मला सासूबाईंच्या हातच्या बिबड्यांची आठवण झाली, अगदी तीच चव. तसं बोललो तर सरला म्हणाली, आणखी एक घ्या.

२० एप्रिल, रविवार

लिहायला हात उचलत नाही. कॅसेटी परत येताहेत. सचिनचा गठ्ठा परत आला. शालिग्राम कडोदऱ्याहून स्वतः आला, खोकं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, गिऱ्हाईक भांडतं, गाणं मधेच तुटतं, डुप्लिकेट माल देतो का म्हणतं. एकानं तर पेन्सिल घालून सगळी रीळ हातानं गुंडाळून पाहिली, कुठं अडकली म्हणून.

मी म्हटलं, ती जागा मुद्दाम आहे. शालिग्राम म्हणाला, "हिलाल, मुद्दाम खड्डा ठेवलेल्या रस्त्यानं कोण जातं?" दोस्त आहे म्हणून ऐकून घेतलं. गाढवाला गुळाची चव काय.

२७ एप्रिल, रविवार

खरं लिहितो. भीती वाटते. परत आलेल्या खोक्यांमुळे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आज जुन्या शेठकडे जाऊन आलो. म्हणाला, आखाजीला अर्धे कारागीर गावाला पळतात, दहा तारखेपासून ये, माग रिकामाच आहे. पुन्हा त्या खटखटीच्या कारखान्यात उभं राहायचं. फळा कोण लिहिणार?

घरी आल्यावर राग सरलावर काढला. म्हटलं, एक नाव घेतलं असतंस तर ही पाळी आली नसती. एक नाव. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मी घेतलं असतं. तुम्हाला चाललं नसतं."

उलट उत्तर द्यायची तिची सवय नाही, म्हणून लिहून ठेवलं.

४ मे, रविवार

आज जे झालं ते नीट लिहिलं पाहिजे.

दुपारी एक बाई आली, पांडेसऱ्याची, उन्हानं लाल झालेली. तिच्या नवऱ्यानं कॅसेट घेतली होती, ती खराब निघाली, बदलून द्या. मी वैतागलो होतोच. म्हटलं, बाई, इथंच लावतो, तुम्हीच सांगा कुठं खराब आहे. लावली. सरला डबा घेऊन आली होती, ती दाराशी उभी. गाणं त्या जागेवर आलं, "मना भाऊ", आणि ढोलकी एकटी राहिली. बाई हात उगारून म्हणणार होती हे बघा इथं, पण तिच्या तोंडून आपोआप निघालं, "देवराम". आणि टेपमधून उत्तर आल्यासारखं, "उना का सांगा".

बाई काउंटर धरून उभी राहिली. दुसऱ्या कडव्याला ती तयारच होती, मोठ्यानं म्हणाली, देवराम. तिसऱ्याला डोळे पुसायला लागली. गाणं संपल्यावर मी विचारलं, बदलून देऊ का? तिनं कॅसेट माझ्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाली, भाऊ, ही तर माझ्यासाठीच गायली आहे.

ती गेल्यावर मी सरलाकडे पाहिलं. ती मान फिरवून खोक्यांवरची धूळ झटकत होती.

मी काही मूर्ख नाही. लगेच स्पीकर दुकानाबाहेर काढला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मोकळ्या जागेत आपल्या भावाचं नाव घ्या'. दिवे लागेपर्यंत दुकानासमोर बायकांची गर्दी. एक सांगे नामदेव, एक सांगे आत्माराम, सगळी नावं एकदम. मंगलाबाई आणि प्रमिलाबाई शेजारी शेजारी उभ्या राहून आपापल्या भावाला हाका मारत होत्या आणि कुणाचं भांडण नव्हतं.

७ मे, बुधवार

शालिग्राम आला. खोकं न्यायला. तोंड पाडून उभा होता, मी म्हटलं, खड्ड्याचा रस्ता आहे बाबा, जपून. हसला आणि दोन खोकी उचलली. सचिनवाला दोनदा निरोप पाठवून गेला. ललितभाईनं नवा माल काढायला मशीन रात्रंदिवस लावलं आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की ती जागा ठेवायला त्यानंच सुचवलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. कल्पना कुणाची होती ते मला माहीत आहे.

शेठला निरोप धाडला, माग दुसऱ्याला द्या.

९ मे, शुक्रवार. आखाजी

जन्मात असा दिवस पाहिला नाही. हात दुखतोय पण लिहिणार.

पहाटे उठलो तर गल्लीत झोके बांधून तयार. इथं निंब कुठला, जिन्याच्या लोखंडी पट्टीला, गॅलरीच्या खांबाला, मांडवाच्या पाइपला, जिथं जागा तिथं दोर आणि दोरावर जुन्या साडीची घडी. आणि प्रत्येक झोक्याजवळ टेप. एका घरातून 'मना भाऊ' निघालं की गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नावं जात. सगळ्यांच्या टेपा काही एकदम लागलेल्या नव्हत्या. कुणाची पुढे, कुणाची मागे, त्यामुळे मोकळी जागाच राहिली नाही, सकाळपासून सारखी नावं पडत होती. नवरे मागाची पाळी सोडून दारात उभे राहून ऐकत होते. दुकानात माझ्याकडे एक कॅसेट उरली नाही, माझ्या घरचीसुद्धा कुणीतरी घेऊन गेलं. या गर्दीत फळा लिहायचा राहिला. नेम मोडला, आणि तोही नेमका आज. वर नुसती तारीख, '९ मे', खाली कोरा. त्या कोऱ्या ओळीत काय लिहायचं ते मी जानेवारीपासून पाठ करून ठेवलं होतं, माझं पूर्ण नाव, निर्माता, संगीतकार.

दुपारी घरी आलो. आमच्या दारातला झोका सरलानंच बांधला होता. दरवर्षी बांधते, दुसऱ्यांना झोके देते, स्वतः बसत नाही. आज मंगलाबाई झोक्यावर आणि सरला मागून ढकलत होती. मंगलाबाईनं आणलेली टेप चालू. "मना भाऊ" आलं. मंगलाबाई ओरडली, प्रमिलाबाई ओरडली, सगळ्या ओरडल्या, सरला गप्प. आणि बायकांचा आवाज खाली बसतो न बसतो तोच मागून एका पुरुषाचा आवाज आला, अगदी त्या जागेत, जाडा, बेसूर:

"भिकन."

बायका हसायला लागल्या, गडी माणूस कसा गातो म्हणून. मग त्यांनी मागे पाहिलं आणि बाजूला सरकल्या. टेप पुढं गेली, "उना का सांगा".

भिकन उभा होता. डोक्याला टॉवेल, काखेत लाल दोऱ्यानं शिवलेली पांढरी पिशवी. सरलाच्या हातातून झोक्याचा दोर सुटला. तिनं तोंडावर पदर दाबला. भिकन तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "उनू ना अक्का. तुले लेवाले उनू."

मग त्याला मी दिसलो. मी दारातच होतो, कडीजवळ. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. भिकन म्हणाला, दोंडाईच्याच्या स्टेशनवर चहाच्या टपरीवर ही कॅसेट लागली होती. लोक म्हणत होते टेप तुटली. त्यानं अक्काचा आवाज ओळखला. ऐकता ऐकता त्याला समजलं, असं म्हणाला, "अक्कानी मनाकरता जागा ठेयेल शे."

यात त्याची थोडी चूक आहे. ती जागा संगीताच्या दृष्टीनं ठेवलेली आहे. पण त्या वेळी मी ते काढलं नाही.

मग तो माझ्या पाया पडला. पिशवीतून नवी टोपी आणि उपरणं काढून माझ्या खांद्यावर ठेवलं. म्हणाला, "दाजी, त्या दिवशी तुमची चाल मी अर्ध्यावर तोडली. पुरी ऐकल्याशिवाय आज जेवणार नाही."

माझी चाल. त्यानं ती ओळखली होती. चार वर्षं त्याच्या ध्यानात राहिली होती. मी टेपकडे गेलो आणि कॅसेट पहिल्यापासून लावली. आवाज पूर्ण. सरलाला मंगलाबाईनं हाताला धरून झोक्यावर बसवलं आणि भिकननं मागून झोका दिला. ती हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. तिचे पाय पत्र्यापर्यंत जात होते. चार वर्षं ही बाई झोक्यावर बसली नव्हती, हे मी त्या वेळी मोजलं.

पंगतीला पुरणपोळी आणि भिकनच्या पिशवीतल्या बिबड्या. एक खाल्ली. मंगलाबाई माझ्याकडे न बघता ताटात वाढत होती. तीच चव, तोच लाल दोरा. आणखी एक घेतली.

१० मे, शनिवार

सकाळच्या पॅसेंजरनं सरला माहेरी गेली. महिनाभर राहा म्हटलं. गाडी हलल्यावर भिकननं खिडकीतून हात केला, मीही केला. डब्यात कुणीतरी टेप लावलीच होती.

स्टेशनवरून थेट दुकानात आलो. आज दहा तारखेला काय झालं ते मासिकातून काढून ठेवलं आहे, मोठं आहे, दोन ओळींचं. फडकं ओलं केलं आणि फळ्यापाशी गेलो तर फळा कोरा नव्हता. काल रात्री निघायची बांधाबांध चालू असताना सरला दुकानाची किल्ली मागून घेऊन गेली होती, मला वाटलं तिला पिशवी हवी असेल. चौथीपर्यंत शिकलेलं अक्षर, मोठं, वाकडं, पण खडू दाबून लिहिलेलं. माझं नाव नाही, कॅसेटचं नाव नाही.

शपथ तोंडातून नाव न काढायची होती. लिहायचं मी काही म्हटलं नव्हतं.

पाळीला जाणारे कारागीर थांबून वाचत होते. एकानं विचारलं, हिलालभाऊ, तारीख बदलली नाही? मी म्हटलं, राहू दे. फडकं पिळून बाजूला ठेवलं आणि अगरबत्ती लावली. फळ्यावर अजून तेच आहे:

९ मे. आजच्या दिवशी: भिकन उना.